खान्देशात लॉन्स-मंगल कार्यालय काढायचं तर खर्च कशावर करावा?

वरचा प्रश्न विचारणाऱ्या भाऊंची धुळ्याबाहेर हायवेला लागून दीड एकर जागा आहे, लॉन आणि हॉल काढायचाय, इथपर्यंत प्रश्न ठीक. पुढे लिहिलंय की प्रवेशद्वार आणि सेल्फी पॉइंटसाठी किती बजेट ठेवावं, आणि 'मागची मोकळी जागाही पेव्हर ब्लॉक टाकून एकदाच फिनिश करून घ्यावी का'. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि जेवण सोडून टाइप करायला बसलो. भाऊ, मागच्या जागेला हात लावू नका. माती आहे ती मातीच राहू द्या.

का ते सांगतो, थोडं लांबेल.

आमचं कार्यालय एरंडोल-पारोळ्याच्या पट्ट्यात, 2016 पासून. जमीन आप्पांची, चालवायचो आम्ही दोघं भाऊ. थोरले नाना पुढचं बघायचे, म्हणजे बुकिंग, स्टेज, लायटिंग, पुढाऱ्यांचं स्वागत. मी मागचं, म्हणजे पाणी, आचारी, गॅस, भांडी, संडास आणि भांडणं. वाटणी कोणी ठरवली नव्हती, पण नानांना इस्त्रीचा शर्ट शोभतो आणि मला शोभत नाही, एवढ्यावर ती झाली. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये सगळं बंद. 2021 च्या एप्रिलमध्ये तर लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास असा नियम आला. आमच्याकडे नुसते मामाच पंचवीस भरतात. त्या दोन वर्षांत ॲडव्हान्स परत करता करता घरचं सोनं बँकेत गेलं. मग 2022 उजाडता कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला आणि ज्यांनी दोन वर्षं लग्नं लांबवली होती ते सगळे एकदमच आले. खान्देशात लग्नाची तारीख पंचांग ठरवतं, पण थाट किती करायचा ते कापूस ठरवतो. केळीवाल्या रावेर-यावलकडे केळी.

तेव्हा हातात थोडा पैसा आला. मी म्हटलं, दहा हजार लिटरची आणखी एक टाकी आणि बायकांकडे चार संडास वाढवू. नाना म्हणाले, कमान. कमान झाली, दोन हत्ती बसले, आणि उरलेल्या पैशांत मागचं सगळं अंगण भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉकनं मढवलं. मी तेव्हाच सांगितलं होतं, वीस बाय तीसचा एक तुकडा तरी मातीचा सोडा, बाया मांड्यांची (चुलीवरच्या मोठ्या, पातळ पुरणपोळ्यांची) चूल कुठं मांडतील? नानांचं उत्तर अजून कानात आहे: "आता कोण मांडे करतं? बुफेचा जमाना आहे. आणि धूळ किती उडते मागं!"

मे महिन्यात चोपड्याकडच्या एका पार्टीचं लग्न होतं. माणूस दीड हजार. सर्वांना नेहमीचं, वरण-बट्टी, वांग्याची भाजी, बुंदी. पण मुलीच्या आजीचा हट्ट की व्याह्यांच्या पंगतीला पुरणाचे मांडे आणि आमरस झालाच पाहिजे. दोनशे पान. त्यासाठी आमच्या नेहमीच्या मावशी सात बाया घेऊन पहाटे चारला टेम्पोतून उतरल्या. प्रत्येकीचं खापर, म्हणजे मांडे भाजायचं मातीचं भांडं, तिचं तिनं आणलेलं, पोत्यात गुंडाळून, पोरासारखं मांडीवर घेऊन.

मावशींनी अंगण बघितलं आणि तिथंच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "भो, चूल कथा मांडू?" म्हणजे कुठं मांडू. माझ्याकडे उत्तर नव्हतं. शेवटी विटा आणल्या, ब्लॉकवरच आठ चुली लावल्या, काड्या पेटवल्या. आता आदल्या रात्री काय झालं होतं ते ऐका. हळदीला धूळ नको म्हणून नानांनी पोरांना सांगून सगळं मागचं अंगण पाइप लावून धुवून काढलं होतं. सिमेंटचा ब्लॉक पाणी पितो. वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. खाली विस्तव आला की त्या पाण्याची वाफ होते आणि तिला बाहेर पडायला जागा नसते.

साडेसात-आठला पुरण वाटून झालेलं, कणीक तिंबून झालेली. मावशींनी मांडा घेतलेला, या हातावरून त्या हातावर टाकत पार कोपरापर्यंत आणलेला. ज्यांनी पाहिलंय त्यांना माहीत आहे, त्या क्षणी बाई कोणाशी बोलत नाही. तेवढ्यात फाटकन आवाज. मला वाटलं सुतळी बॉम्ब. चुलीखालचा ब्लॉक फुटला, टवका उडाला, वीट सरकली आणि वरचं खापर आडवं होऊन दोन तुकडे. मांडा मावशींच्या हातावर तसाच लोंबत. लागलं कोणाला नाही, फक्त एकीच्या पायावर निखारा आला, थोडं भाजलं. मावशींनी आधी मांडा परातीत ठेवला, मग तुकडे उचलले. "मन्ही सासूनं खापर व्हतं ते," माझ्या सासूचं, एवढंच म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पाच मिनिटांत पलीकडे दुसरा ब्लॉक फुटला. मग बाया उठल्याच. बरोबर आहे त्यांचं. मी ट्रॅक्टरवाल्याला फोन करून शेतातून दोन ट्रॉली माती आणवली, ब्लॉकवर हातभर थर टाकला, परत चुली. यात अडीच तास गेले. उन्हात बाहेर 43-44, मांडव तापलेला, आणि तिकडे अक्षता आमदार येईपर्यंत थांबलेल्या, हे एक त्या दिवशी बरंच झालं. आयुष्यात पहिल्यांदा मी पुढाऱ्याच्या उशिरानं खूश होतो. तरी मांडे दोनशेऐवजी सव्वाशेच निघाले. व्याह्यांच्या पंगतीत शेवटच्या ओळीला पुरी वाढली. नवरदेवाच्या चुलत्यांनी पानावरून उठून विचारलं, "आम्ही काय दुसऱ्या नंबरचे पाहुणे?" मुलीच्या बापानं उरलेले चाळीस हजार दिले नाहीत, आणि मी मागितलेही नाहीत.

रात्री मावशींना खापराचे पैसे द्यायला गेलो. मजुरी घेतली, खापराचे घेतले नाहीत. नव्या खापराला सुरुवातीला मांडा चिकटतो, ते हाताखाली यायला दिवस जातात. त्याची किंमत मी काय लावणार होतो?

नानांचं म्हणणं काय, तर चुली ब्लॉकवर मांडायला परवानगी दिलीच कशी. म्हणजे चूक माझी. हा वाद आजही मिटलेला नाही. पुढच्या वर्षी वाटण्या झाल्या, कारणं दुसरी होती, पण गावात विचाराल तर लोक ब्लॉकचंच नाव घेतील. त्यांनी जळगावकडे लॉन घेतलं, हे माझ्याकडे राहिलं. पहिल्या आठवड्यात मी पहार घेऊन मागचे ब्लॉक उपटले. मावशी त्यानंतर पहिल्यांदा आल्या तेव्हा काही न बोलता टाचेनं माती उकरून पाहिली, आणि मग टेम्पोतून सामान उतरवायला सांगितलं.

तर मागच्या जागेचं उत्तर हे. कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी, भरीत, बट्टी, मांडे, हे सगळं विस्तवाचं काम आहे. जळगावच्या भरीताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालाय, आणि ते वांगं गॅसवर भाजलं तर पाहुणा पहिल्या घासाला ओळखतो. लोकांना बुफे पाहिजे, चाट पाहिजे, पनीर पाहिजे, खरं आहे. पण सोयरीक जुळताना 'त्यांच्याकडे जेवण कसं झालं' हेच बोललं जातं. हत्तीबद्दल मी कोणाला बोलताना ऐकलेलं नाही.

बाकीचं थोडक्यात. आकडे माझ्याकडचे आहेत, तुमच्याकडे वेगळे असतील. चांगल्या वर्षी माझ्या 50-55 तारखा जातात. त्यावर वर्ष काढायचं असतं, कारण चातुर्मासात कुलूप आणि पौषात जवळजवळ कुलूप. वाईट वर्ष कसं असतं ते 2024 नं दाखवलं, मे-जूनमध्ये गुरू-शुक्र दोघांचा अस्त, म्हणजे मुहूर्तच नाहीत, ऐन हंगामात हॉलमध्ये चिमण्या. 2026 मध्ये 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे पुन्हा उन्हाळ्याचा महिना गेला. मात्र अधिकात जावयाच्या धोंड्यांची जेवणं असतात, छोट्या हॉलला तो धंदा सोडू नका, आणि त्यालाही मांडेच लागतात. कर्जाचे हप्ते बाराही महिने येतात, तारखा सहा महिनेच असतात, एवढं बँकेत सही करण्याआधी डोक्यात ठेवा.

आखाजीचं एक. बाहेरचे सल्लागार अक्षय्य तृतीयेला मोठा मुहूर्त म्हणून दर चढवायला सांगतात. त्यांना सांगा, आपल्याकडे त्या दिवशी भांडी घासणाऱ्या बाया माहेरी गेलेल्या असतात आणि वाढपी पत्ते कुटत बसलेले असतात. मी एकदा घेतली होती तारीख. मी आणि माझी बायको, दोघांनी मिळून वाढलं.

पाणी माणशी 25 लिटर धरा, पंगत असेल तर जास्त. जनरेटरचं डिझेल भाड्यात धरू नका, सुरू करताना आणि बंद करताना पार्टीच्या माणसासमोर रीडिंग घ्या, अर्धी भांडणं तिथंच मिटतात. नवरीच्या खोलीत आरसा, चांगला लाइट आणि आतून लागणारी कडी. ही कडी तुटलेली असलेली निम्मी कार्यालयं मी पाहिली आहेत.

बिनशेती, फायर, हायवेवरून आत येण्याची परवानगी, हे तुम्हाला माहीत असेलच. उलाढाल 20 लाखांवर गेली की जीएसटी, हॉलच्या भाड्यावर 18 टक्के, तो बुकिंगच्या वेळीच सांगा, निरोपाच्या वेळी नाही. लॉनवर रात्री दहानंतर डीजे बंद म्हणजे बंद. नियम 2000 सालचा आहे, आणि पोलीस आले की नवरदेवाचे मित्र पळतात, सापडता तुम्ही. आणि बुकिंगला मुलगा-मुलगी दोघांच्या वयाचा पुरावा घ्या, 21 आणि 18. बालविवाहाच्या 2006 च्या कायद्यात लग्न लावणारा आणि त्याला हातभार लावणाराही अडकतो. कार्यालयवाल्यानं 'मला काय माहीत' म्हणून भागत नाही. एका ओळखीच्याच माणसाला मी यावरून नाही म्हटलं, तो अजून बोलत नाही. न बोलो.

आता कमानीबद्दल, कारण नानांचा मुलगा हे वाचतो आणि तिकडे नेऊन दाखवतो. कमानीमुळे बुकिंग येतं. मान्य. मुली आईबापाला घेऊन येतात, हत्तीपाशी फोटो काढतात, आणि तिथंच अर्धं ठरतं. माझ्याकडे कमान नसती तर वाटण्यांनंतरच्या पहिल्या दोन वर्षांत टाकीचे पैसेसुद्धा निघाले नसते, हेही खरं असेल. शिवाय तुमचं धुळं मोठं शहर, तिथं मांड्यांचा आग्रह किती असेल ते तुमचं तुम्ही बघा. पण मग कमान आधी करा आणि मागचं राहू द्या. पैसे संपले म्हणून राहिलं तरी चालेल.

आणि ब्लॉक पाहिजेच असतील तर पार्किंगला टाका. माझ्याकडे उपटलेले चारेकशे कुंपणाला लागून पडलेत, दहा-बारा फुटके सोडले तर चांगले आहेत. गाडी घेऊन या, तसेच, फुकट देतो.