जपानी प्राथमिक शाळेत इंग्रजी शिकवायला जावं का?

प्रश्न थोडक्यात असा : साताऱ्याकडचा पंचविशीतला मुलगा, बी.ए. इंग्रजी, घरचं जेवण शाकाहारी. एका एजन्सीमार्फत जपानमधल्या प्राथमिक शाळांत ‘एएलटी’, म्हणजे सहायक भाषाशिक्षक, म्हणून जायची संधी चालून आलीय. दिवस कसा जातो, आपले उच्चार चालतात का, खायचं काय, आणि मुळात जावं का?

मी नागानो प्रांतातल्या एका लहान शहरात पाच वर्षं हेच काम केलं, म्हणून लिहायला बसले. लांबेल जरा.

सगळ्यात आधी आपले शाळेचे दाखले काढून बसा. शाळेत शिकवण्यासाठी जो ‘क्योइकु’ व्हिसा लागतो त्याला पदवी हवीच, पण परकी भाषा शिकवायची तर त्या भाषेच्या माध्यमातून किमान १२ वर्षं शिक्षण झालेलं असावं लागतं. पहिलीपासून इंग्रजी माध्यम असेल तर काळजी नाही. दहावीपर्यंत मराठी माध्यम असेल तर अकरावी-बारावीची दोन, पदवीची तीन आणि एम.ए.ची दोन धरूनही सातच भरतात. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं इंग्रजी असलेली, मराठी माध्यमातली माझी मैत्रीण इथेच अडली. एजन्सीवाले ‘होऊन जाईल’ म्हणत असतील तर कसं होईल ते लेखी मागा.

दुसरं, पगार कोण देणार ते बघा. परदेशी तरुणांना शाळांत भाषा शिकवायला बोलावणारी जपान सरकारची ‘जेट’ योजना १९८७ पासून आहे. २०२५ पासून तिच्यात पहिल्या वर्षाला सुमारे ४०.२ लाख येन मिळतात. एजन्सीकडून जाणाऱ्यांना साधारणपणे याहून बरंच कमी मिळतं, आणि ऑगस्टमध्ये शाळा बंद म्हणून पगाराला कात्री लागते. मी एजन्सीकडूनच गेले होते. पहिल्या ऑगस्टला खात्यावर जमा झालेला आकडा बघून मी दोनदा चष्मा पुसला. करारात सुट्टीच्या महिन्यांचं काय लिहिलंय, आरोग्यविमा आणि पेन्शन कोण भरणार, एवढं तरी वाचल्याशिवाय सही करू नका. कंत्राटी पद्धतीच्या करारात आणखी एक गंमत असते : कायद्याने वर्गशिक्षक तुम्हाला थेट सूचना देऊच शकत नाहीत, त्या कंपनीमार्फत यायला हव्यात. माणूस तुमच्या शेजारी खडू घेऊन उभा असतो, तरीही!

आता दिवस. आठच्या आत शाळेत. दारात बाहेरचे बूट काढून खणात ठेवायचे, आतले घालायचे. शिक्षकखोलीत शिरताना खणखणीत ‘ओहायो गोझाइमास’, म्हणजे ‘सुप्रभात’, म्हणायचं. पुटपुटलात तर कोणी मान वर करत नाही आणि मग दिवसभर आपणच अवघडून बसतो. तास ४५ मिनिटांचा. २०२० पासून तिसरी-चौथीला वर्षाला ३५ तास, म्हणजे आठवड्याला एक, आणि पाचवी-सहावीला ७०, म्हणजे दोन. एवढ्याशा तासांसाठी एका शाळेला पूर्णवेळ माणूस कशाला लागेल? म्हणून एकेका एएलटीकडे दोन-तीन शाळा असतात. माझ्याकडे चार होत्या. त्यातल्या डोंगरातल्या शाळेत पाचवी आणि सहावी मिळून नऊ मुलं होती, एकाच वर्गात बसायची.

कागदोपत्री तास वर्गशिक्षकाचा, तुम्ही मदतनीस. प्रत्यक्षात ते प्रत्येक शिक्षकावर आहे. गणितापासून पोहण्यापर्यंत सगळं शिकवणाऱ्या त्या माणसाला इंग्रजी बोलायची मनातून धास्ती असते. पूर्वतयारीची बैठक म्हणजे बहुतेक वेळा जिन्यात गाठून विचारलेलं ‘क्यो, नानी शिमास का?’, म्हणजे ‘आज काय करायचं?’ काही जण पूर्ण तास तुमच्यावर सोडून मागे वह्या तपासतात, तर काही जण तुम्हाला टेपरेकॉर्डर करतात : ‘प्लीज से, ॲपल.’ दोन्हीचा राग येतो, आणि दोन्हीची सवय होते.

हमखास चालणारा एक खेळ सांगते. दोन मुलांच्या मधे बाकावर एक खोडरबर. एक शब्द ठरवायचा, समजा ‘ग्रेप्स’. तुम्ही एकेक फळ म्हणायचं, वर्गाने मागून म्हणायचं, आणि ‘ग्रेप्स’ आलं की खोडरबर झडप घालून पळवायचं. ‘ग्रीन’ म्हणून फसवा, निम्मा वर्ग तोंडघशी पडतो. साहित्य शून्य, आणि सहावीतली मख्ख चेहऱ्याची मुलंही जागी होतात.

उच्चारांचं म्हणाल तर डिजिटल पुस्तकातला आवाज अमेरिकन असतो आणि तुमच्याशी तुलना होणार. एका मुख्याध्यापकांनी मला अगदी नम्रपणे ‘पुस्तकासारखं’ बोलता येईल का असं विचारलं होतं. वाईट वाटलं. पण घरी येऊन स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐकलं तेव्हा कळलं, की माझा ‘व्हाइन’ आणि ‘वाइन’ एकच आहे. मुलं ‘व्ही’चा ‘ब’ करतात, आपण ‘डब्ल्यू’चा ‘व्ही’ करतो. मग आरशासमोर ओठांचा चंबू करून मीच आधी शिकले.

पहिल्या महिन्यात प्रत्येक वर्गात तुमचा परिचयाचा तास असतो. ताजमहालाचे फोटो नेऊ नका, ते त्यांनी पाहिलेले असतात. मी दहा रुपयांची नोट न्यायची. मागच्या पट्टीत १५ भाषा आहेत, वरून आठवी ओळ आपली. ‘हे सगळं एकाच देशात?’ म्हणून नोट वर्गभर फिरायची. मग फळ्यावर एकाचं नाव देवनागरीत लिहायचं. साकुरा : हिरागाना या त्यांच्या लिपीत तीन अक्षरं, आपल्याकडेही तीनच. त्यांची अक्षरमाला अ-इ-उ-ए-ओ अशी सुरू होते आणि पुढे क, स, त, न, ह, म… ही मांडणी बौद्ध भिक्षूंच्या संस्कृत अभ्यासातून तिकडे रुजली. हे मी गेल्यावर शिकले आणि मग दर वर्गात ऐट मारली. मधल्या सुट्टीत नाव लिहून घ्यायला दाराबाहेर रांग लागते.

आणि एक प्रश्न येणारच : ‘१९ गुणिले १९?’ भारतीयांना १९ गुणिले १९ पर्यंतचे पाढे पाठ असतात, हा तिकडचा पक्का समज आहे. आपला एकोणीसचा पाढा एकोणीस दाहे नव्वदाशेवर थांबतो, त्यापुढची अकरकी आजोबांबरोबर गेली, हे त्यांना कुठे सांगत बसणार. ३६१ पाठ करून जा.

जेवण वर्गातच, मुलांबरोबर. पांढरे डगले, टोप्या, मास्क घालून मुलंच वाढतात. २०० मिलीलीटर दूध रोज, भाताबरोबरसुद्धा. मुलांच्या आधी मुख्याध्यापक खाऊन बघतात, काही बिघाड असेल तर त्यांना व्हावा म्हणून. शाकाहाराचं स्पष्टच सांगते : अवघड आहे. भाजीच्या सूपमध्येही ‘दाशी’ असतं, म्हणजे बोनिटो माशाचं पाणी. पहिल्याच दिवशी उपमुख्याध्यापकांना गाठून ‘डबा आणू का?’ विचारा. माझ्या चारही शाळांत हो म्हणाले. मात्र डब्यातून मुलांना काही देऊ नका, ॲलर्जीमुळे त्याबाबतीत शाळा फार कडक असतात. माझी बटाट्याची भाजी बघायला रोज तीन-चार डोकी वाकायची, आणि मी नुसती ‘दामे’, म्हणजे ‘नाही चालणार’, म्हणत डबा जवळ ओढायची.

त्यानंतर सफाई. स्पीकरवर गाणं लागतं आणि आख्खी शाळा झाडू-फडकी घेऊन उठते. शिपाई पुसेल असा विचार करून शिक्षकखोलीत बसलात तर संपलात. चौथीतला एक मुलगा होता, वर्गात वर्षभर तोंड उघडलं नाही त्याने. जानेवारीत व्हरांड्यातल्या नळावर माझ्या शेजारी फडकं पिळत होता. नागानोचा जानेवारी, बोटं बधिर. माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘कोल्ड.’ मी म्हटलं, ‘येस, कोल्ड.’ पुढच्या आठवड्यात परत तोच नळ. ‘व्हेरी कोल्ड.’ फेब्रुवारीअखेर आमचं पूर्ण एक वाक्य झालं होतं. वर्गात मात्र शेवटपर्यंत गप्पच.

जाचही आहे. चार शाळांतला माणूस कुठल्याच शाळेचा नसतो. सहलीचा दिवस मला कळायचा तो रिकाम्या वर्गात जाऊन उभी राहिल्यावर. मार्चअखेर बदल्या होतात, आणि वर्षभर खपून ज्या शिक्षकाशी सूर जुळवला तोच उठून दुसऱ्या गावी जातो. करार वर्षावर्षाचा, बढती नाही. पाचव्या वर्षी मी ‘व्हॉट कलर डू यू लाइक’ झोपेत म्हणत होते, असं रूममेट सांगायची.

तर माझं मत : दाखले जुळत असतील आणि ऑगस्टचा पगार परवडत असेल तर दोन-तीन वर्षांसाठी जरूर जा. दुसऱ्या क्रमांकावर उभं राहायला जड जात असेल, स्वतःचा वर्ग हवा असेल, तर इथे बी.एड. करा. गेलात तर मोकळ्या तासांना फोन काढू नका, जपानीचं पुस्तक काढा. मी दुसऱ्या वर्षी एन३, म्हणजे जपानीची मधल्या पातळीची परीक्षा, दिली ती शिक्षकखोलीतल्या टेबलावर अभ्यास करून.

सामानात बिनलेसचे बूट घ्या, दिवसातून चार-सहा वेळा काढावे लागतात. आणि दहाच्या चार-पाच कोऱ्या नोटा ठेवा. माझी एकच होती. दुसऱ्या वर्षी चिकटपट्टी लावली, आणि पट्टी नेमकी मराठीवर आली.