विचारा मास्तरांना : कॅल्क्युलेटरला कॉम्प्लेक्सचा कॉश येईना

प्रश्न : सर, मी इलेक्ट्रिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. माझ्याकडे कॅसिओचा एफएक्स-९९१ ईएस प्लस आहे. लाँग ट्रान्समिशन लाइनच्या गणितात कॉम्प्लेक्स संख्येचं वर्गमूळ आणि कॉश (हायपरबोलिक कोसाइन) लागतो. कॉम्प्लेक्स मोडमध्ये गुणाकार-भागाकार होतात, पण √ किंवा कॉश दाबला की 'मॅथ एरर'. परीक्षेत प्रोग्रॅमेबल कॅल्क्युलेटर चालत नाही. काय करू?
— एक विद्यार्थी, नांदेड

उत्तर : कॅल्क्युलेटर बिघडलेला नाही, बाळा. या मॉडेलचं √, लॉग, साइन, कॉश सगळं फक्त साध्या (रिअल) संख्यांवर चालतं. पण त्याच्याकडे 'अॅब्स' (संख्येची लांबी), 'आर्ग' (तिचा कोन) आणि ∠ (लांबी-कोनातून संख्या) आहेत, तेवढ्यात आपलं भागतं. शिवाय 'कॅल्क' नावाचं बटण आहे. सूत्र एकदा टाइप करून ते दाबलं की यंत्र किमती विचारतं, दिल्या की उत्तर देतं. परत दाबलं की परत विचारतं. गरिबाचा प्रोग्रॅम म्हण हवं तर.

गणितच घेऊ. ३०० किलोमीटरची लाइन, एकूण झेड (इम्पीडन्स) = ३० + जे१५० ओहम, एकूण वाय (अॅडमिटन्स) = जे०.००१०५ सीमेन्स. मोड २ दाब. पुस्तकातला जे इथे आय म्हणून 'ईएनजी' बटणावर बसलाय. झेड-वायचा गुणाकार येतो −०.१५७५ + जे०.०३१५. तो शिफ्ट-आरसीएलने 'ए' या मेमरीमध्ये ठेव.

आता वर्गमूळ. लांबीचं वर्गमूळ, कोन निम्मा, एवढंच तर असतं ते. म्हणून टाइप कर :

√(अॅब्स(ए))∠(आर्ग(ए)÷२)

अॅब्स म्हणजे शिफ्ट-हाइप, आर्ग म्हणजे शिफ्ट-२-१, ∠ म्हणजे शिफ्ट आणि कंसातला वजा. उत्तर ०.०३९४९ + जे०.३९८८२. हे गामा-एल, म्हणजे ज्याचा कॉश काढायचा ती संख्या. इथे डिग्री असो की रेडियन, फरक पडत नाही, कारण आर्ग ज्या एककात कोन देतो त्याच एककात ∠ तो परत घेतो.

कॉशला मात्र पडतो, आणि तिथेच मी एकदा तोंडघशी पडलोय. कॉम्प्लेक्सचा कॉश दोन साध्या भागांत फुटतो (इथे एक्स आणि वाय म्हणजे त्या संख्येचे रिअल आणि इमॅजिनरी भाग, लाइनचा वाय नव्हे) :

कॉश(एक्स)·कॉस(वाय) + आय·साइनश(एक्स)·साइन(वाय)

हे टाइप करून कॅल्क दाब, एक्सला ०.०३९४९ आणि वायला ०.३९८८२ दे. तिसऱ्या वर्षाच्या वर्गात मी फळ्याशी उभा राहून हेच केलं आणि ऐटीत लिहिलं : १.०००८ + जे०.०००३. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "सर, मग फेरांटी इफेक्ट कुठे गेला?" खरंच की. लोड काढलं की लांब लाइनच्या टोकाचं व्होल्टेज वाढतं, म्हणजे ए कॉन्स्टंट (लोड नसताना पहिल्या टोकाचं व्होल्टेज भागिले दूरच्या टोकाचं; लाँग लाइनला तो म्हणजेच हा कॉश) लांबीने एकापेक्षा कमी यायलाच हवा. माझं यंत्र डिग्रीत होतं. त्याने ०.३९८८ अंशांचा कॉस काढला होता, जो जवळजवळ एकच. कॉश आणि साइनशला डिग्री-रेडियनशी देणंघेणं नाही, त्यामुळे अर्धं सूत्र बरोबर, अर्धं चूक, आणि उत्तर दिसायला सभ्य! 'मॅथ एरर' परवडली, निदान ती ओरडते तरी.

शिफ्ट-मोड-४ दाबून रेडियनमध्ये ये आणि तेच कर. ०.९२२२ + जे०.०१५३ येईल. याची लांबी ०.९२२४. तिने एकाला भाग, १.०८४. म्हणजे लोड नसताना दूरच्या टोकाला व्होल्टेज सुमारे ८ टक्क्यांनी चढतं. फेरांटी सापडला.

पडताळ्यासाठी मी वर्गमूळाच्या वाटेलाच जात नाही. मेमरीतला ए घेऊन १ + ए÷२ एवढं काढ : ०.९२१३ + जे०.०१५८. हा नॉमिनल पायचा, म्हणजे लाइनच्या सोप्या अंदाजी नमुन्याचा, ए कॉन्स्टंट. लाँग लाइनचं उत्तर याच्या आसपास नसेल तर आधी पडद्यावरचा 'डी' की 'आर' बघ. ए कॉन्स्टंटच्या जोडीच्या बी कॉन्स्टंटला साइनश लागेल, त्याचं सूत्र साइनश(एक्स)·कॉस(वाय) + आय·कॉश(एक्स)·साइन(वाय). कॅरॅक्टरिस्टिक इम्पीडन्स काढताना झेड÷वाय 'ए' मेमरीमध्ये ठेवून वरचंच वर्गमूळ.

कॉम्प्लेक्स मोडमधून बाहेर पडलास की टाइप केलेलं सूत्र पुसलं जाईल, तेव्हा पेपरात कॉम्प्लेक्सची गणितं एकगठ्ठा सोडव. आणि पॉवर फॅक्टरच्या प्रश्नाकडे वळण्याआधी शिफ्ट-मोड-३ दाबून डिग्रीत परत ये. त्या मुलीने युनिट टेस्टला नेमकं तेच विसरून चार मार्क घालवले. मी काही बोललो नाही. कुठल्या तोंडाने बोलणार?