आईच्या खात्याला माझं नाव जोडायचंय, पण टिक कुठे करू?

प्रश्न : माझी आई ७४ वर्षांची आहे, एकटी राहते. तिच्या सेव्हिंग खात्याला आणि एफडीला माझं नाव जोडायचंय म्हणून फॉर्म आणायला गेले तर काउंटरवरच्या मॅडमनी पेन्सिलने ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’समोर खूण करून दिली, म्हणाल्या सगळे हेच करतात. भाऊ म्हणतो, म्हणजे आईचे सगळे पैसे तुझे होणार का? तेव्हापासून फॉर्म तसाच पडलाय.

उत्तर : ताई, फॉर्म घाईत दिला नाहीत ते फार बरं केलंत. ती पेन्सिलची खूण आधी खोडा आणि आईलाच विचारा, की तू असताना पैसे कोणी काढलेले तुला चालतील? त्या चौकोनात तेवढंच ठरतं, बाकी पॅन, आधार, फोटो हे होऊन जातं.

आयदर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे दोघींपैकी कुणीही एकटीच्या सहीवर पैसे काढू शकते. फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर म्हणजे आई आहे तोवर फक्त तिची सही, तुमचा नंबर तिच्यानंतर. जॉइंटली म्हणजे प्रत्येक वेळी दोघींच्या सह्या, ते तुमच्या कामाचं नाही.

ऐकायला फॉर्मर छान वाटतं, पण माझ्या मावशीकडे तेच होतं. काका आयसीयूत आणि मावशी पासबुक घेऊन काउंटरवर उभी, पासबुकावर दुसरं नाव तिचंच छापलेलं, तरी तिच्या सहीवर एक रुपया निघाला नाही, आणि नियमाने बँक बरोबरच होती हो. त्या दिवशीचा तिचा चेहरा मी विसरलेले नाही.

म्हणून मी तुमच्या जागी असते तर दोन खाती केली असती. मोठी शिल्लक आईच्या खात्यात फॉर्मर ऑर सर्व्हायव्हरवर, आणि दवाखान्यापुरती रक्कम दुसऱ्या खात्यात आयदरवर. दोन्हीकडे पहिलं नाव आईचंच ठेवा, पैसे तिचे आहेत, व्याजही तिच्याच नावावर दिसू दे.

एफडीत एक मेख आहे. आयदर असली तरी मुदतीआधी मोडायला साधारणपणे दोघींच्या सह्या मागतात आणि एक गेली तर बाकीच्या वारसांचीही संमती मागू शकतात, त्यामुळे मुदतीआधी एकीला मोडता येईल अशी दोघींची लेखी सूचना आत्ताच देऊन ठेवा.

आता भावाचं. त्याची शंका चुकीची नाही, रागावू नका त्याच्यावर. आईनंतर बँक पैसे तुमच्या हातात देईल, पण म्हणून ते आपोआप तुमच्या मालकीचे होत नाहीत, वारसाहक्क तसाच राहतो. नॉमिनीचंही तसंच, शिवाय जॉइंट खात्यात नॉमिनीचा नंबर दोघीही गेल्यावरच लागतो. कुणाला किती द्यायचं हे आईच्या मनात असेल तर ते मृत्युपत्रात लिहायचं, बँकेच्या फॉर्मने ते ठरत नाही. आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो भावाला त्याच दिवशी पाठवा, त्याने मागायची वाट बघू नका.

हो, आईची सही आता थरथरत असेल तर त्याच फेरीत नमुना सही नवीन देऊन या, जुन्या सहीशी जुळत नाही म्हणून चेक परत आला की म्हातारं माणूस फार खचतं.