रक्त कमी, तरी लोह पुरेसे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : माझी मुलगी २२ वर्षांची आहे. आठवीत असताना शाळेतील तपासणीत तिचे हिमोग्लोबिन कमी निघाले आणि तेव्हापासून अधूनमधून तिला लोहाच्या गोळ्या चालूच आहेत. खजूर, अळीव, गूळ-शेंगदाणे, बीट सगळे करून झाले, पण हिमोग्लोबिन साडेदहाच्या पुढे सरकत नाही. आता तिचे लग्न ठरत आहे. नव्या डॉक्टरांनी फेरिटिन (अंगातील लोहाचा साठा दाखवणारे प्रथिन) तपासले, ते १४० आले आणि त्यांनी गोळ्या लगेच बंद करायला सांगितल्या. रक्त कमी असताना लोह पुरेसे कसे? सीबीसीचा (रक्तपेशींच्या मोजणीचा) अहवाल सोबत जोडला आहे.
— एक आई, उल्हासनगर

उत्तर : आपल्याकडे ‘अंगात रक्त नाही’ याचा अर्थ ‘अंगात लोह नाही’ असाच घेतला जातो आणि बहुतेक वेळा तो खराही ठरतो, कारण स्त्रियांमधील रक्तक्षयाचे सर्वांत मोठे कारण लोहाची कमतरता हेच आहे. पण ‘बहुतेक वेळा’ म्हणजे ‘नेहमी’ नव्हे, आणि तुमच्या मुलीची इतकी वर्षे या दोन शब्दांमधल्या फरकात गेली याचे मला मनापासून वाईट वाटते.

आधी शरीराचा हिशेब पाहू. प्रौढ माणसाच्या अंगात सारे मिळून तीन ते चार ग्रॅम लोह असते आणि त्यातील सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती जुनी झाली की प्लीहा आणि यकृतातील भक्षकपेशी तिला गिळतात, तिच्यातील लोह सोडवून घेतात आणि ते पुन्हा अस्थिमज्जेकडे नव्या पेशींसाठी रवाना होते. नव्या पेशींना रोज वीस-पंचवीस मिलिग्रॅम लोह लागते, पण अन्नातून आत येते ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. उरलेले सगळे या जुन्या मालातूनच मिळते. शरीराला जास्तीचे लोह ठरवून बाहेर टाकण्याचा मार्गच नाही. आतड्याच्या व त्वचेच्या झडणाऱ्या पेशी आणि रक्तस्राव यांतून जे जाईल तेवढेच जाते. म्हणून सारे नियंत्रण प्रवेशाच्या दारावर आहे. फेरोपोर्टिन नावाचे प्रथिन हे ते दार. आतड्याच्या पेशीतून आणि भक्षकपेशीतून लोह रक्तात येते ते याच दारातून. यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक त्या दाराला चिकटते आणि ते नष्ट करते. साठा भरला की हेप्सिडिन वाढते, साठा आटला की उतरते. लोहाची एक मोठी गोळी घेतल्यावरही ते सुमारे दिवसभर चढलेले राहते. ज्यांना लोह खरोखर हवे असते त्यांना हल्ली अनेक डॉक्टर गोळी एक दिवसाआड देतात त्यामागे हेच कारण आहे.

आता तुम्ही पाठवलेला अहवाल. हिमोग्लोबिन १०.६, तांबड्या पेशींची संख्या ५६ लाख आणि पेशीचे सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही, ६३. लोह कमी पडले तर पेशी लहान होतात, पण मालच नसल्याने त्यांची संख्याही सहसा घटते. इथे पेशी लहान आहेत आणि संख्या मात्र भरघोस आहे. ही खूण बीटा थॅलेसेमिया मायनरची असण्याची दाट शक्यता आहे. त्यात लोह पुरेसे असते, पण आई किंवा वडिलांकडून आलेल्या दोषामुळे हिमोग्लोबिनमधील ग्लोबिन या प्रथिनाची एक साखळी जन्मतःच कमी बनते. विटा आहेत, सिमेंट कमी आहे. आणखी विटा आणून भिंत उंच होणार नाही. एचबीए-टू या हिमोग्लोबिनच्या एका प्रकाराची तपासणी करून घ्या; ते प्रमाण साडेतीन टक्क्यांच्या वर असले तर निदान जवळजवळ पक्के होते.

फेरिटिन १४० हा आकडा घाबरण्याचा नाही. त्यासाठी कोणतेही औषध नको, फक्त गोळ्या थांबवणे पुरेसे आहे. मायनर असलेल्यांनाही पुढे, विशेषतः गरोदरपणात, लोह कमी पडू शकते. तेव्हा ते जरूर द्यावे, पण फेरिटिन पाहून.

खरी निकड वेगळी आहे. होणाऱ्या जावयांची हीच तपासणी लग्नाआधी करून घ्या. सिंधी, पंजाबी, लोहाणा आणि भानुशाली समाजांत मायनरचे प्रमाण जास्त आहे, पण इतर समाजांतही ते आढळते. दोघेही मायनर असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे या आजाराचे गंभीर रूप, होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्या मुलांना दर तीन-चार आठवड्यांनी रक्त द्यावे लागते आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० मिलिग्रॅम लोह अंगात येते, जे बाहेर जाऊ शकत नाही. शिवाय धडपडणारी अस्थिमज्जा हेप्सिडिन दाबून टाकते, त्यामुळे आतडेही जास्तीचे लोह ओढत राहते. ते हृदयात, यकृतात आणि अंतःस्रावी ग्रंथींत साठते. लोह बांधून बाहेर काढणारी औषधे या मुलांना जन्मभर घ्यावी लागतात. दोघेही मायनर निघाले तरी लग्न मोडण्याची गरज नाही. गर्भारपणाच्या सुरुवातीलाच गर्भाची तपासणी करता येते. पण हे आधी ठाऊक असायला हवे.

प्रश्न : वडिलांना (वय ६४) आमवात आहे. हिमोग्लोबिन ९.८ आणि फेरिटिन ३१०. गोळ्यांनी फरक पडत नाही.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : जंतूंना वाढायला लोह लागते, म्हणून अंगात दाह पेटला की यकृत हेप्सिडिन वाढवून लोह कोठारात बंद करते. संसर्गात हा उपाय काही दिवसांपुरता कामाचा असतो. आमवातात दाह वर्षानुवर्षे चालतो आणि कोठार भरलेले असूनही अस्थिमज्जा उपाशी राहते. पोटात घेतलेली गोळी त्या बंद दारावरून परत फिरते. इथे इलाज आमवाताचाच नेटाने करायला हवा.

मात्र एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. दाहामुळे फेरिटिन आपोआप वाढते, त्यामुळे त्याच्या आड थोडी खरी कमतरताही लपू शकते. वडील वेदनाशामक गोळ्या नियमित घेत असतील, तर पोटातून हळूहळू रक्त जात असण्याचा संभव आहे. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तात लोह वाहून नेणारे प्रथिन लोहाने किती भरले आहे ते) आणि शौचातील रक्त यांची तपासणी करून घ्या.

प्रश्न : आम्ही डब्लिनला राहतो. शेजारच्या आजोबांचे लोह वाढले म्हणून दवाखान्यात दर काही महिन्यांनी त्यांचे रक्त काढतात. आम्हीही तपासावे का?
— एक वाचक, आयर्लंड

उत्तर : त्यांना बहुधा आनुवंशिक हिमोक्रोमॅटोसिस असावा. त्यात एचएफई या जनुकातील दोषामुळे हेप्सिडिन पुरेसे बनत नाही आणि दार कायम सताड उघडे राहते. साठलेले लोह काढण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे रक्त काढणे. एका वेळी साधारण अर्धा लिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह जाते. त्या आजोबांच्या भावंडांनी आणि मुलांनी तपासणी करायलाच हवी. हा दोष उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत, त्यातही आयर्लंडमध्ये विशेष आढळतो आणि भारतीयांत तो दुर्मीळ आहे. म्हणून केवळ तिथे राहता एवढ्यासाठी तुम्हाला तपासणीची गरज नाही. पण घरातील कोणी बिनतपासणीच्या लोहाच्या गोळ्या घेत असेल, तर आधी त्यांचे फेरिटिन पाहा.