नवीन बांधलेलं आउटबोर्ड इंजिन थ्रॉटल उघडताच बंद पडतं, पुन्हा खोलू का?

नका खोलू. निदान इतक्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलं ते असं. दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक (पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणारं) आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायचं इंजिन आहे, प्रत्येक सिलिंडरला पेट्रोल आणि हवा मिसळणारा स्वतंत्र कार्बोरेटर. वरच्या सिलिंडरचा पिस्टन जळाला म्हणून घरीच दोन्ही पिस्टन, रिंगा, गॅस्केट बदललेत. आता इंजिन सुरू होतं, मंद गतीला चालत राहतं, पण थ्रॉटल उघडला की गुदमरून बंद पडतं. रिंग चुकीची बसली का, गॅस्केट नीट लागलं नाही का, या शंकेने तुम्ही हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, परत काढायच्या बेतात आहात.

जे इंजिन सुरू होतं आणि मंद गतीला तग धरतं, त्याच्या पोटातलं काम सहसा बरं झालेलं असतं. मला काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. जुना पिस्टन कशाने जळाला, हे तुमच्या प्रश्नात कुठेच नाही. ते कारण तुम्ही शोधून काढलं नसेल तर ते अजून त्याच इंजिनावर बसलेलं आहे, आणि आता नव्या पिस्टनची पाळी आहे. मी माझ्या पहिल्या इंजिनाच्या वेळी हेच केलं होतं. सिलिंडर बोअर करून, म्हणजे आतून कापून थोडा रुंद करून घेतला, त्याला बसेल असा ओव्हरसाइज पिस्टन घातला, एकेक बोल्ट टॉर्क पान्याने आवळला आणि कार्बोरेटर मात्र बाहेरून पुसून तसेच परत लावले. थोड्याच दिवसांत तोच सिलिंडर पुन्हा गेला. मेन जेटमध्ये, म्हणजे जास्त थ्रॉटलला पेट्रोल सोडणाऱ्या कार्बोरेटरमधल्या बारीक भोकात, वाळलेल्या पेट्रोलचा पिवळट थर होता, सुईच्या टोकाएवढा. तुमची लक्षणं वाचताना मला तेच दिवस आठवले, म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

जुना पिस्टन फेकला नसेल तर तो उजेडात धरून नीट बघा. माथ्याला भोक पडलंय किंवा एक्झॉस्टच्या बाजूची कडा वितळून गेलीय, तर पेट्रोल कमी आणि हवा जास्त, किंवा ठिणगी वेळेआधी, यांपैकी काहीतरी झालं होतं. चारही बाजूंनी सारखे ओरखडे असतील तर इंजिन तापलं होतं किंवा पिस्टन आणि सिलिंडरमधली फट कमी होती. मिश्रणात तेल कमी पडलं असतं तर खुणा दोन्ही पिस्टनांवर सापडल्या असत्या. तुमचा एकच सिलिंडर गेला, हीच सगळ्यात मोठी खूण आहे. त्या एकट्या सिलिंडरच्या वाट्याचं असं काय आहे? त्याचा कार्बोरेटर, त्याचे रीड व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेऊन मागे न जाऊ देणाऱ्या पातळ पट्ट्या), त्याची ठिणगी आणि वरचा सिलिंडर असल्यामुळे क्रँकचं, म्हणजे पिस्टनने फिरणाऱ्या दांड्याचं, वरचं ऑइल सील. थंड करणारं पाणी कमी पडलं तरी आधी वरचाच सिलिंडर तापतो, हेही ध्यानात ठेवा.

मनाची शंका फेडायला कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये किती दाब तयार करतो ते, मोजा, त्याला दहा मिनिटं पुरतात. ठिणगीचे दोन्ही प्लग काढा, एका भोकात दाब मोजायचं गेज लावा, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा, थ्रॉटल पूर्ण उघडा आणि गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत दोरी ओढा. दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नसावा. नव्या रिंगा अजून बसलेल्या नाहीत, त्यामुळे आकडा सर्व्हिस पुस्तकापेक्षा थोडा कमी आला तर घाबरू नका. फरक मोठा आला तर कमी आकड्याच्या सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून परत मोजा. आकडा वर गेला तर गळती रिंगांतून आहे, जैसे थे राहिला तर गॅस्केटकडे बघा. हेड काढायची वेळ फक्त तेव्हा.

आता गुदमरण्याकडे वळू. आधी एक विचारतो: हे इंजिन तुम्ही कशावर चालवून बघताय? नळाचं पाणी इंजिनाला देणारे, नळीला जोडलेले रबरी कप लावून चालवत असाल तर मंद गतीच्या वर नेऊच नका. पंख्याला (प्रोपेलरला) पाण्याचा भार नसला की गती बघता बघता हाताबाहेर जाते, आणि नव्या रिंगांना तेच सोसत नाही. पाण्याच्या पिंपात चालवत असाल तर वेगळी फसगत होते. एक्झॉस्टचा धूर त्याच पाण्यात फेसाळतो, वर येऊन कार्बोरेटरच्या तोंडाशी घोटाळतो आणि धडधाकट इंजिनही गुदमरल्यासारखं वागतं. म्हणून पिंपातल्या गुदमरण्यावरून शेवटचा निकाल देऊ नका. खरा भार होडी पाण्यात उतरवली की लागतो. आणि हे सगळं उघड्यावर करा. दार उघडं ठेवलेली शेडसुद्धा कार्बन मोनॉक्साइडला पुरेशी बंद असते. कपावर किंवा पिंपात चाचणी करताना पंखा काढून ठेवा आणि बंद करायच्या बटणाची दोरी मनगटाला अडकवा.

इंजिन गुदमरायला लागलं की इंधनाच्या नळीतला रबरी फुगा दाबत राहायला कुणाला तरी सांगा. फुगा दाबल्यावर इंजिन सावरलं तर कार्बोरेटरपर्यंत पेट्रोल पुरेसं पोचत नाही. टाकीच्या झाकणावरचं हवेचं भोक बंद असेल, नळीच्या जोडातून हवा ओढली जात असेल, नाहीतर पंपाचा पडदा गेला असेल. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे. फुग्याने काही फरक पडला नाही तर गुदमरताना क्षणभर चोक (हवा अडवून पेट्रोल वाढवणारा खटका) ओढा. चोकने इंजिन जोर धरत असेल तर पेट्रोल कार्बोरेटरच्या दारापर्यंत आलंय पण आत जात नाही. मग मेन जेट. मंद गतीचा मार्ग वेगळा असतो, म्हणूनच असं इंजिन मंद छान चालतं आणि थ्रॉटलला कोसळतं. कार्बोरेटर फवारा मारून साफ होत नाही. पूर्ण सुटा करा, रबरी भाग बाजूला काढा, धातूचे भाग क्लीनरमध्ये बुडवून ठेवा आणि दाबाच्या हवेने प्रत्येक वाट मोकळी करा. जेटमधून पलीकडचा उजेड गोल दिसला पाहिजे. तार घालू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. पेट्रोल जुनं असेल तर तेही बदला. इथेनॉल असलेलं पेट्रोल पाणी धरतं आणि ते पाणी तळाशी बसतं.

चोकनेही फरक पडला नाही तर माझा दुसरा संशय थ्रॉटल आणि ठिणगीच्या जुळणीवर आहे. आउटबोर्डमध्ये थ्रॉटल उघडत जातो तशी ठिणगीही आगाऊ सरकते, आणि हे दोन्ही एकाच दांड्यांच्या साखळीवर चालतं. बांधणीत कार्बोरेटर उतरवले की ती जुळणी बिघडते आणि परत लावणं राहून जातं. ठिणगी मागेच राहिली आणि हवेची पाकळी आधी उघडली, की तुम्ही सांगताय अगदी तेच होतं. इंजिन बंद ठेवून थ्रॉटल हळूहळू हलवा. दोन्ही कार्बोरेटरच्या पाकळ्या एकदम उघडायला हव्यात, आणि त्याही तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या खुणेवरच.

त्याच वेळी फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या वरच्या टोकाचं जड चाक, काढून त्याला क्रँकवर जागेवर धरणारी चावी बघा. मऊ धातूची ती छोटी चावी अर्धवट कापली गेली तर इंजिन सुरू होतं, पण ठिणगीची वेळ सरकलेली असते. फ्लायव्हील बसतो तो क्रँकचा शंकू कोरडा आणि स्वच्छ हवा, नटाला पुस्तकातला टॉर्क हवा. ठिणगी बघताना प्लग नुसता धातूला टेकवू नका. मोकळी फट असलेला टेस्टर वापरा, साधारण एक सेंटिमीटरची फट निळ्या कडक ठिणगीने ओलांडली गेली पाहिजे.

ऑइल सीलचं शेवटी सांगतोय, पण तुमच्या बाबतीत ते विसरू नका. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेसच, म्हणजे क्रँकभोवतीची पेटीच, पेट्रोल-हवेचं मिश्रण ओढतो आणि वर ढकलतो. वरचं सील किंवा क्रँककेसच्या दोन अर्ध्यांमधला जोड थोडा जरी हवा घेत असेल, तर वरच्या सिलिंडरला पातळ मिश्रण मिळतं आणि पिस्टन जळतो. बांधताना ते सील बदललंत का? नसेल, आणि कार्बोरेटर स्वच्छ निघाले, तर माझं बोट तिकडेच जाईल. क्रँककेसला हलका हवेचा दाब देऊन जोडांवर साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे जागा दाखवतात.

पाण्याचा पंप गृहीत धरू नका. खालचा गिअरचा भाग उतरवला असेल तर पाण्याची नळी पंपाच्या रबरात नीट बसली नाही, असं फार वेळा होतं. इंजिनामागून पाण्याची बारीक धार सतत आली पाहिजे. धार नाही तर लगेच बंद करा, आणि पाण्याशिवाय तर एकदाही सुरू करू नका, पंपातल्या फिरत्या इम्पेलरचं रबर काही सेकंदांत जातं.

हे सगळं जुळलं की पहिल्या टाकीला तेल दुप्पट घाला. नेहमीचं प्रमाण ५०:१, म्हणजे लिटरला २० मिली असेल, तर आता २५:१, लिटरला ४० मिली. तेल पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचंच हवं, डब्यावर टीसी-डब्ल्यू३ लिहिलेलं. मोटारसायकलचं चालणार नाही. पहिली दहा मिनिटं हळू, मग पहिल्या तासात गती सारखी बदलत ठेवा, पूर्ण थ्रॉटल नको. धूर जास्त दिसेल, तो दिसू द्या.

पहिल्या फेरीनंतर काठाला लागताच दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. दुप्पट तेलामुळे दोन्ही काळपट, ओलसर असतील, त्यात काही वावगं नाही. वरचा प्लग खालच्यापेक्षा पांढरा किंवा कोरडा दिसला, तर त्या दिवशी परत पाण्यात जाऊ नका. इथे दोन्हींचा फोटो आणि कॉम्प्रेशनचे आकडे टाका, मी बघतो.