एलएम३९३ (दोन व्होल्टेज तुलना करणारी कंपॅरेटर आयसी) आणि १०के (१० किलोओहम) थर्मिस्टर, म्हणजे तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर, लावून हीटसिंकचा फॅन ऑटो केलाय, पण सेट टेंपरेचरजवळ रिले नुसता टकटक करतो, का?

हिस्टेरेसिस, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या पातळ्यांत थोडा फरक, दिलेला नाहीये म्हणून, रिले बदलून काही होणार नाही. फॅन चालू झाला की टेंपरेचर जरासं उतरतं, सप्लायही किंचित हलतो आणि तेवढ्यावर कंपॅरेटर पलटी मारतो, मग परत तापलं की परत चालू. टेंपरेचर सेट करायच्या पॉटच्या मधल्या पायापासून कंपॅरेटरच्या प्लस इनपुटला १०के चा रेझिस्टर घाला आणि आउटपुटपासून त्याच प्लसला ४७०के, १२ व्होल्टवर साधारण पाव व्होल्टचा फरक पडतो म्हणजे दोन-अडीच डिग्री, जास्त हवा तर २२०के टाका. फक्त ३९३ चं आउटपुट ओपन कलेक्टर असतं, म्हणजे ते फक्त खाली ओढतं, स्वतःहून वर जात नाही; त्याला ४.७के चा पुलअप (आउटपुटपासून प्लस सप्लायला रेझिस्टर) नसेल तर हा फरक नीट मिळणार नाही (बहुतेक जण तिथेच अडकतात).