वाचकांचे प्रश्न: तरंगत्या पवनचक्क्या आणि बंदरांचे गणित

प्रश्न: कंटेनर बंदराला लांब धक्का असतो, खोल पाणीही असते. मग समुद्रातल्या तरंगत्या पवनचक्क्या तिथेच जोडायला काय हरकत आहे? (एक वाचक, उरण)

उत्तर: लांबी सहसा पुरते, ताकद पुरत नाही. कंटेनर यार्डाची जमीन साधारणपणे दर चौरस मीटरला ३ ते ५ टन भार धरून केलेली असते. पवनचक्कीचे सुटे भाग ठेवायला १० ते १५ टन लागतात आणि मोठी क्रेन उभी राहते तिथे २० टन किंवा त्याहून जास्त. संशोधक वापरतात तो १५ मेगावॉटचा नमुना आराखडा पाहा: एकेक पाते ११७ मीटर, मनोरा सुमारे १,२६० टन, वरची नॅसेल (जनित्राची पेटी) आणि पाती मिळून हजार टनांच्या आसपास. हे सगळे १५० मीटर उंचीवर बसवायचे. भराव थोडा जरी एका बाजूला खचला, तरी क्रेन कलते आणि काम थांबते.

दुसरी अडचण पोहोचीची. याच नमुन्याचा तरंगता पाया त्रिकोणी आणि सुमारे १०० मीटर रुंद आहे, मनोरा मधल्या खांबावर. म्हणजे तो धक्क्याच्या कडेपासून तीसेक मीटर पाण्यात. क्रेन कडेपासून मागे असते ते अंतर वेगळेच. पोर्तुगालच्या विंडफ्लोट अटलांटिक या तरंगत्या प्रकल्पात मनोरा कोपऱ्यातल्या खांबावर आहे. तो कोपरा धक्क्याकडे वळवला की क्रेनचे काम हलके होते.

खोलीची भीती मात्र थोडी जास्तच बाळगली जाते. नमुन्याचा ड्राफ्ट, म्हणजे पाण्याखाली बुडणारी खोली, २० मीटर असला, तरी पायाच्या वजनातले सुमारे ११,३०० टन हे आत भरलेले समुद्राचे पाणी आहे. ते बाहेर खोल समुद्रात गेल्यावर भरता येते, त्यामुळे बंदरात पाया बराच वर तरंगतो. उभ्या नळकांड्यासारख्या ‘स्पार’ पायाला ही सोय नाही. हायविंड स्कॉटलंड प्रकल्पातल्या पायांचा ड्राफ्ट ७८ मीटरच्या घरात, म्हणून पाचही चक्क्या नॉर्वेतल्या स्टुर्डच्या खोल फ्योर्डात (डोंगरांमधल्या खाडीत) जोडून मग स्कॉटलंडकडे ओढून नेल्या.

वर पूल आहे का, हेही आधी पाहावे. जोडलेली चक्की पात्याच्या टोकापर्यंत २७० मीटर भरते. सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाखाली ६७ मीटरच मोकळे आहेत. कॅलिफोर्नियात हम्बोल्ट बे आणि लाँग बीचची नावे पुढे आली, त्यामागचे हे एक कारण.

प्रश्न: एका धक्क्यावरून वर्षाला किती चक्क्या निघतील?

उत्तर: युरोपजवळच्या उत्तर समुद्रात कामाचा हंगाम एप्रिल ते सप्टेंबर धरा, १८० दिवस. पाया धक्क्याला बांधणे, मनोरा, नॅसेल, तीन पाती, तपासण्या आणि सुटका हे काम शांत हवेत पाचेक दिवसांचे. पण वारा सेकंदाला १०–१२ मीटरच्या वर गेला की पाते उचलता येत नाही. नियोजनात आठ दिवस घ्यावेत. म्हणजे हंगामात २२ चक्क्या. एक गिगावॉटला १५ मेगावॉटच्या ६७ लागतात, म्हणजे एका धक्क्याला तीन हंगाम.

कागदावर नेहमी राहून जाते ती पाण्यातली साठवण. पाये बांधणाऱ्या यार्डाने हिवाळाभर आठवड्याला एक पाया दिला, तर एप्रिलपर्यंत वीस-पंचवीस पाये आडोशाच्या पाण्यात नांगरून ठेवावे लागतात. ती जागा, परवानगी आणि राखण करणारे टग (ओढबोटी) यांचा खर्च आधीच धरा. उलटही घडते: पाये तयार आणि नॅसेलचे जहाज उशिरा. तीन-चार चक्क्यांचे पूर्ण संच किनाऱ्यावर असल्याशिवाय पहिला पाया धक्क्याला लावू नये.

प्रश्न: साखळ्या आणि नांगर यांची जागा वेगळी धरावी लागते का?

उत्तर: लागते. नमुन्यात प्रत्येक चक्कीला १८५ मिलिमीटर जाडीच्या साखळीच्या तीन ओळी, प्रत्येकी ८५० मीटर. मीटरला ६८५ किलो धरले तर एका चक्कीला सुमारे १,७५० टन, ६७ चक्क्यांना एक लाख टनांच्या वर. म्हणूनच अनेक आराखड्यांत मधला भाग पॉलिस्टर दोरखंडाचा असतो. नांगर-साखळ्या चक्कीच्या आधीच्या हंगामात समुद्रतळाशी टाकून ठेवतात. त्यासाठी दुसरा, साधा पण भक्कम धक्का घ्यावा. मुख्य धक्क्यावर ही गर्दी नको.

प्रश्न: कोकणच्या बंदरांना यात काम मिळेल का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: इतक्यात नाही. कोकणापुढचा उथळ समुद्र दूरवर पसरला आहे आणि तरंगत्या पायाचा खर्च साधारण ६० मीटर खोलीपुढेच पटतो. केंद्राने जून २०२४ मध्ये मंजूर केलेली ७,४५३ कोटींची योजना गुजरात आणि तमिळनाडूपुढच्या प्रत्येकी ५०० मेगावॉटसाठी आहे. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेचे.

प्रश्न: मोठा भाग बिघडला तर दुरुस्ती समुद्रातच होते?

उत्तर: अजून तरी बहुधा बंदरात. स्कॉटलंडच्या किंकार्डिन प्रकल्पातली चक्की २०२२ मध्ये सोडवून रॉटरडॅमला ओढून न्यावी लागली; २०२४ मध्ये हायविंड स्कॉटलंडच्या चक्क्या नॉर्वेला गेल्या. तेव्हा बांधणी संपल्यावरही एक भक्कम धक्का आणि क्रेन मिळण्याचा करार हवा. शिवाय चक्क्या केबलने एकीमागे एक माळेत जोडलेल्या असतात. मधली एक काढली की पुढच्या सगळ्यांची वीज अडते. म्हणून दोन्ही केबलची टोके पाण्याखाली एकमेकांना जोडता येतील असा सांधा खरेदीच्या यादीत पहिल्याच दिवशी लिहावा. नंतर मागवला तर हंगाम हातचा जातो.